आडव्या फ्रिजमधली भाजी

नाबुआकाच्या उजव्या पायाचा अंगठा मधुमेहापायी कापावा लागला, त्या दिवशी इस्पितळातल्या नर्सबाईंनी त्याच्या बायकोला, आरोमाताला, व्हरांड्यात बोलावून घेतलं.

"भात निम्म्यावर आण. साखर बंद, डब्यातलं मांस बंद. पालेभाजी दे, रोज दे. नाहीतर पुढच्या खेपेला नुसत्या अंगठ्यावर भागायचं नाही."

"पालेभाजी आणू कुठून? दुकानात येते ती बोटीतून, आठवड्याची शिळी."

"मग लाव घरी."

"टेमाइकूच्या वाळूत?"

 नर्सबाईही तारावा बेटावरच्याच, टेमाइकू गावची ती वाळू त्यांना ठाऊक होती. पोवळ्यांचा पांढरा चुरा तो. नारळ, केवडा आणि नीरफणस सोडले तर तिथे काही धड उभं राहत नाही. नाबुआकाच्या घराण्याचा बाबाईचा, अळूच्या जातीच्या कंदाचा, खड्डा होता, पिढ्यान् पिढ्या त्यातले कंद खाऊन माणसं वाढली होती. सहा वर्षांपूर्वी दर्या आत आला आणि त्या खड्ड्यात मिठाचं पाणी साचलं. छत्रीएवढी पानं महिन्याभरात पिवळी पडून सडली. तेव्हापासून जमिनीवर भरवसा ठेवण्यात अर्थ उरला नव्हता.

म्हणून आरोमाताने जमीन सोडून डबे धरले. शेजाऱ्यांचा बंद पडलेला फ्रिज तिने ढकलत आणला, दार काढलं, उताणा पाडला आणि बुडाला खिळ्याने भोकं पाडली. मासेमारीच्या बोटींच्या जाळ्यांना बांधलेले मोठाले प्लास्टिकचे पोकळ गोळे किनाऱ्याला लागतात, ते मधोमध कापून अकरा कुंड्या केल्या. माती तर बनवावीच लागली. नीरफणसाची पानं, डुकरांच्या वाड्यातलं खत, माशांची आतडी, नारळाच्या सोडणांचा भुसा, आणि वर गंजलेले डबे ठेचून. लोखंड गंजलं की पाला हिरवा होतो, हे तिच्या आईने तिला लहानपणी शिकवलं होतं. चार महिने ते सगळं कुजत पडलं. वास इतका, की नाबुआकाची थोरली बहीण टेकारेई पलीकडच्या घरातून नाक दाबून ओरडायची, "आरोमाता, कुणाला पुरलंयस गं तिथे?"

मग फ्रिजात नांबेरे लावली, शिजली की भेंडीसारखी बुळबुळीत होणारी भाजी. कुंड्यांमध्ये चिनी कोबी आणि नाळीची भाजी.

नाबुआका वीस वर्षं जर्मन मालबोटींवर खलाशी होता. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. दिवसभर अंगणातल्या मचाणावर पाय पसरून काथ्या वळत बसायचा. पहिली भाजी पानात पडली तेव्हा त्याने बोटाने ती बाजूला सारली.

"हे डुकरांना घाल. त्यांचं आहे."

"नर्सबाई म्हणाल्या..."

"नर्सबाईंना घाल मग."

दुसऱ्या दिवसापासून आरोमाताने नांबेरे बारीक चिरून माशाच्या सारात घालायला सुरुवात केली. वर नारळाचं दूध, की रंग दिसू नये.

"सार इतकं घट्ट कसं?" त्याने विचारलं.

"मासा म्हातारा होता."

तो प्यायला. तिसऱ्या आठवड्यात वाडगा पुढे करत म्हणाला, "हल्ली खाडीत सगळे म्हातारेच मासे मिळतात वाटतं." आणि डोळा मारला. आरोमाताने तोंड फिरवून हसू दाबलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण त्या संध्याकाळी तो तिला नव्याने आवडला.

जखम भरली. साखर उतरली. नर्सबाईंनी तपासणीचा कागद दोनदा पाहिला.

मग पाऊस गेला. दहा महिने आभाळात ढग यायचे, बघून निघून जायचे. पत्र्यावरून टाकीत पडणारं पाणी संपत आलं आणि विहिरीचं खारट झालं. प्यायला टाकीतलं पाणी मापून घ्यावं लागे. टेकारेई एक दिवस कुंपणापाशी उभी राहिली.

"माझा भाऊ घोटभर पाण्याला तरसणार, आणि तुझा पाला न्हाणार, होय?"

"त्याच्या वाटणीला मी हात लावत नाही, अक्का."

"मग कुणाच्या वाटणीतलं घालतेस?"

आरोमाता पुन्हा कुंड्यांकडे वळली. ती स्वतःच्या वाटणीचं घालत होती. स्वतः विहिरीचं पीत होती. ओठ फुटले होते, जिभेवरून खारटपणा जात नव्हता.

फेब्रुवारीत मोठ्या भरतीचा इशारा रेडिओवर आला. या भरतीला दरवर्षीच पाणी वाढतं, पण त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता. दुपारी चारच्या सुमाराला खाडी बांध ओलांडून अंगणात शिरली. आरोमाता एकेक कुंडी कवेत घेऊन मचाणाकडे धावू लागली. गोळ्यांच्या कुंड्या ओल्या मातीने जड झालेल्या, पाणी पिंढरीपर्यंत.

पाचवी कुंडी घेऊन वळली तर नाबुआका मचाणावरून खाली उतरलेला.

"वर चढ! पायाला पाणी लागू देऊ नकोस!"

"वीस वर्षं पाण्यातच होतो. तू मला पाणी शिकवू नकोस."

"अरे, पाला आहे नुसता, जाऊ दे!"

"आता जाऊ दे म्हणतेस?" तो हसला. "माझं वर्षाचं सार आहे ते."

उरलेल्या सहाच्या सहा त्यानेच उचलल्या. फ्रिज मात्र हलला नाही. दोघांनी दोन्हीकडून जोर लावला, तेवढ्यात पाणी काठावरून आत आलं आणि नांबेरे पाण्याखाली गेली. नाबुआका बराच वेळ तिथेच उभा राहिला.

पाण्याखाली कुठेतरी गंजका पत्रा होता. त्याच्या उजव्या टाचेला तो खोल लागला, पण त्या पायाला कधीचंच काही जाणवत नसे, त्यामुळे त्याला कळलंच नाही. चौथ्या दिवशी चटई झटकताना आरोमाताला वास आला. तिने त्याचा पाय उचलून पाहिला, टाच काळी पडून सडत होती.

इस्पितळात आधी पाय गुडघ्याखाली कापला, मग गुडघ्यावर. ताप उतरेना. एका सकाळी त्याने विचारलं, "कुंड्या जगल्या?"

"अकराच्या अकरा."

"सार आण."

घरी जाऊन, करून, बसने घेऊन येईपर्यंत दुपार झाली. त्याने एक चमचा तोंडात घेतला, पण तो गिळता येईना, ओघळला. आरोमाताने त्याची हनुवटी पुसली. वाडगा हातात धरून ती सार गार होईपर्यंत बसली. दोन दिवसांनी तो गेला.

मनेआबात, गावाच्या सभागृहात, त्याला ठेवलं होतं. सगळं गाव बसलेलं. टेकारेई छाती पिटत उठली आणि मोठ्याने म्हणाली, "पाल्यापायी गेला माझा भाऊ!"

  आरोमाताही मनात तेच म्हणत होती, त्याचा पाय कापला त्या दिवसापासून.

त्याला घराशेजारी पुरल्यावर महिन्याभराने पाऊस आला. कुंड्यांना कुणी पाणी घालत नव्हतं, पण पाला आपोआप माजला. आरोमाता त्यांच्याकडे पाठ करून बसायची. शेजारणी मागायला आल्या की म्हणायची, "न्या. विचारू नका, न्या."

सहा महिने टेकारेई तिच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी येऊन चटईच्या कडेला बसली. पाय लुंगीखाली दुमडलेला.

"दोन जुड्या पाला हवा होता," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"पाय दाखव, अक्का."

"पायाला काय झालंय?"

"दाखव."

करंगळी काळी पडली होती, शेजारच्या बोटावर चट्टा. ते बघताना आरोमाताच्या मनात आलं, बरं झालं. क्षणभरच आलं, पण आलं. त्या क्षणासाठी ती स्वतःला अजून माफ करू शकलेली नाही.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे." टेकारेईचा आवाज बारीक झाला. "कुणाला सांगितलं नाही."

"पाला नंतर. ऊठ, आत्ता इस्पितळात."

दोन बोटं गेली, पाय राहिला. आरोमाताने फ्रिज पुन्हा भरायला घेतला. खारी माती काढून टाकायलाच आठ दिवस लागले. टेकारेई आता नांबेरे खाते, तोंड वाकडं करून खाते. सभागृहात बोललेला शब्द तिने मागे घेतला नाही आणि आरोमातानेही कधी तो विषय काढला नाही. दर पंधरवड्याला पट्टी बदलायला दोघी एकाच बसने जातात, शेजारीशेजारी बसतात, आणि टेमाइकूला उतरेपर्यंत एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत.