अगोदर वही, मग ताट

भिकूच्या घरी बांधकाम खात्याचा साहेब जेवायला बसला की ताटाआधी त्याच्यासमोर वही यायची. लाल पुठ्ठ्याची, कामावरच्या हुकमांची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथले लोक या रीतीला हसायचे. भिकू हसू द्यायचा.

ही रीत त्याला एका भिंतीने शिकवली होती. तो हाडाचा गवंडी. दगड त्याच्या हाताखाली आपणहून बसावा, असा हात. घाटातला रस्ता धरून ठेवणारी एक भिंत त्याने ठेक्याने घेतली. तेव्हाचा साहेब घरी जेवला, नाचणीची भाकरी वाखाणली आणि हात धुता धुता म्हणाला, "पाया हातभर कमी चालेल." ज्याने घरचं मीठ खाल्लं त्याच्याकडे कागद मागायची आमच्यात रीत नाही. भिकूनेही मागितला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंत कलली, आणि साहेब म्हणाला, मी असं बोललोच नव्हतो. थोरल्या भावाला सोबत घेऊन भिकूने ती भिंत पुन्हा बांधली. दगड वाहून भावाची कंबर कायमची गेली.

मग ठेक्याचे इंग्रजी कागद घेऊन तो नाते गावच्या कालिंदीबाईंकडे गेला. बाई शाळेत शिकवायच्या. त्यांनी एकेक कलम मराठीत सांगितलं. तीन वर्षांत काम ढासळलं तर ठेकेदाराने पुन्हा बांधायचं. नकाशात बदल करायचा तर साहेबाने तो लिहून द्यायचा.

"म्हंजे कलम माझ्या बाजूला उभं होतं," भिकू म्हणाला, "नि मी त्याला वळखलंच नाय."

अठ्ठ्याण्णव साली आमच्याच वहाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, बांधायचं काम त्याला मिळालं. पावसात वहाळ भरला की वाडीला तासाभराचा फेरा पडायचा, म्हणून सगळे त्या साकवाकडे डोळे लावून होते. नकाशात पाया कातळापर्यंत होता. मे निम्मा सरला तरी कातळ लागेना. देवव्रत नावाचा तरुण इंजिनिअर खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "मुरूम घट्ट आहे. इथेच काँक्रीट ओता. पावसाआधी साकव व्हायला हवा."

भिकूने वही पुढे केली. "लिवून द्या साहेब."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय. वहाळावर नाय."

साहेबाने खिशातलं पेन काढलं नाही. भिकूने माणसं खड्ड्यातून वर बोलावली.

संध्याकाळी वाडी त्याच्या घरापुढच्या खळ्यात जमली. सगळ्यांपुढे चंद्रभागा, त्याची वहिनी, त्या कंबर गेलेल्या भावाची बायको. "आपल्याच वाडीचा साकव आडवतोस? भर पावसात नवऱ्याला डाक्टरकडं पाठीवर नेऊ काय रे?"

"दादाची कंबर कशानं गेली, वहिनी?"

"तुझ्या भिंतीनं."

"मी साहेबापुढं मान हलवली, त्यानं. आता नाय हलवायचा."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात पत्र लिहिलं. साहेब, आपण मुरुमावर थांबायला तोंडी सांगितलं. सात दिवसांत लेखी हुकूम आला नाही तर मी नकाशाप्रमाणे कातळापर्यंत जाणार. पत्र रजिस्टर टपालाने गेलं. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी त्याने पुन्हा पहारी खाली उतरवल्या. मुरुमाखाली लोण्यासारखा मऊ चिखल निघाला. त्याच्याही खाली पहार खणखणली.

पण पावसाने गाठलंच. त्या साली वहाळात नुसते दोन खांब उभे. फेऱ्याने निघताना वहिनी रोज उंबऱ्यात थांबायची. "तुझ्या खांबांवर बगळे बसलेत. त्यांची तरी सोय झाली." भिकू ऐकून घ्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात साकव पुरा झाला. देवव्रत मोजमापं घ्यायला आला आणि दुपारी जेवायला बसला. समोर वही आली.

"आता काय लिहू? काम तर झालं."

"पाया कातळावर हाय, ते. मुरुमाखाली चिखल निघाला, ते पण."

देवव्रतने खिशातलं पेन काढलं. मग त्याने लिहिलं आणि सही केली.

"वहिनी, वाढा आता."

"अख्खा पावसाळा फेऱ्यानं चालले मी, नि वाढायचं पण मीच." चंद्रभागाने ताट ठेवलं आणि देवव्रतकडे पाहिलं. "समदं लिवलंस ना रे, बाळा?"

त्याने मान हलवली.

"मान हलवून नाय भागत या घरात." तिने वही उचलून भिकूच्या हातात दिली. "वाच. मला ऐकू दे."

ताटातली भाकरी निवत होती. भिकूने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचायला लागला.