बाजार बंद, पण बैल पाहायला हरकत नाही

मी बैलाचा खालचा ओठ खाली ओढला. हिरड्यांवर गव्हाचा कोंडा भुरभुरावा तसे बारीक पांढुरके फोड. नाक वाहत होतं. थर्मामीटर लावला. ताप एकशे सहा.

"क्या देख रहे हो, डाक्टरसाब?" सेठजी मागून म्हणाले. "छे दात का है. एकदम जवान."

सेठजी गावातले धानाचे व्यापारी. उन्हाळ्याच्या शेवटी, नांगरणीच्या तोंडावर, बैलांचाही धंदा करत. त्या गुरुवारी त्यांची वीसेक ढोरं बाजारात उभी होती.

"सेठजी, ही बुळकांडी आहे."

"अरे, थोडी सर्दी है."

बैलाला सर्दी झालेली मी नोकरीत तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

मी त्या वेळी व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन होतो, म्हणजे लोकांच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. माझी डिस्पेन्सरी सौंदडच्या स्टेशनापासून खाचराने, म्हणजे बैलगाडीने, अर्ध्या दिवसावरच्या एका बाजारगावात होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत.

बुळकांडी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला माहीत नसेल. जनावराला ताप चढतो, तोंड येतं, मग हगवण लागते आणि आठवड्याभरात ते आडवं होतं. औषध नव्हतं. सिरम टोचलं तर शेजारची ढोरं काही दिवस वाचत, पण सिरम नागपुराहून यायचं आणि मागितल्यापेक्षा नेहमी कमीच यायचं. खरा उपाय एकच होता. ढोरं एकत्र येऊ द्यायची नाहीत. म्हणजे बाजार बंद.

आमचं बोलणं एक माणूस बाजूला उभा राहून ऐकत होता. सोमा मडावी. जंगलाकडच्या टोल्यावरचा, पंचवीस घरांच्या गोंड वस्तीतला वडीलधारा माणूस. बैल घ्यायला तो पहाटेपासून चालत आला होता.

"डाक्तरसाहेब, खरं सांगा जी. बुळकांडीच होय ना?"

"हो."

"मंग हे ढोरं अजून कायले उभे ठेवून रायले?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. नाल्यावर जाऊन हातपाय धुतले आणि बैल न घेताच परत गेला. त्या दिवशी बाजारात माझं ऐकणारा तो एकटाच.

बाजार बंद करण्याचा अधिकार मला नव्हता. मी फक्त रिपोर्ट लिहू शकत होतो. रिपोर्ट तहसीलमधून जिल्ह्याला जाई आणि त्याच वाटेने ऑर्डर परत येई. तेवढ्या वेळात बैल मरून त्याचं कातडं कमावून होत असे. पण बाजाराची जागा गावच्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदार दादासाहेबांची होती. त्यांनी एक शब्द टाकला असता तर बाजार त्याच दिवशी उठला असता.

दादासाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चहा पाजला.

"बंद झालाच पाहिजे," ते म्हणाले. "मुक्या जीवांचा प्रश्न आहे. शनिवारी मीटिंग घेतो."

मीटिंगला सगळं गाव लोटलं. बाजार बंद करण्याला एकाचाही विरोध नव्हता. हेडमास्तरांनी गोमातेवर पाऊण तास भाषण केलं. सेठजींनी डोळे पुसले. "बैल हमारे बेटे जैसे हैं," ते म्हणाले. त्यांचा आजारी बेटा त्याच सकाळी नाल्यात मेला होता. त्याच्यावर पळसाचा पाला टाकून ठेवला होता. मी ते सभेत सांगितलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि पुढचे वक्ते उठले.

मग भजीवाल्याने विचारलं, "बाजारच नाही तर माणसं कायले येतील?" सभेत पहिल्यांदाच शांतता पसरली.

त्या शांततेतून ठराव निघाला. मी तो स्वतः लिहून घेतला. 'गुरांचा बाजार पूर्णपणे बंद ठेवण्यात येत आहे. तथापि लांबून आलेल्या शेतकऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून गुरुवारी नाल्यापलीकडे बैल पाहण्यास हरकत नाही.'

"दादासाहेब, पाहण्यासाठी बैल तिथे आणावे लागतील," मी म्हणालो.

"आणावे लागतीलच. नाहीतर पाहणार कसे?"

"रोग नाल्यावर थांबत नाही."

"डॉक्टर, बाजार बंद करा म्हणाला होतात. बंद केला. आता नाल्यापलीकडचं मला काय सांगता? ती माझी हद्द नाही."

सोमवारी सोमा डिस्पेन्सरीत आला. दाराशीच उभा राहिला.

"ढोरं किती दिवस येऊ द्यायची नाईत?"

"तीन आठवडे तरी. पण सोमाजी, मला तसा हुकूम देता येत नाही."

"हुकूम कोण मागून रायला? मी दिवस इचारले."

तो गेला. मी त्या दिवशी तिसरा रिपोर्ट लिहिला.

गुरुवारी बाजाराच्या फाटकावर मोठी पाटी लागली, 'गुरांचा बाजार बंद'. तिच्या खाली एक माणूस बसवला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो नाल्याकडचा रस्ता दाखवत होता. पलीकडे नेहमीपेक्षा जास्त ढोरं होती, कारण बाजार बंद होणार ही बातमी चांगलीच पसरली होती. लोक बैल पाहत होते. दात पाहत होते, शेपटी पिळून पाहत होते, आणि पाहून झालेला बैल घरी नेत होते. मी होतं तेवढं सिरम संध्याकाळपर्यंत टोचत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सेठजी तणतणत डिस्पेन्सरीत आले. न विकलेली ढोरं त्यांनी जंगलाच्या रस्त्याने पुढच्या गावांना पाठवली होती. सोमाच्या टोल्याने ती अडवली होती. रस्त्यावर आडवं लाकूड टाकलं होतं. त्याला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. पलीकडे म्हातारे-बाया बसल्या होत्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी काठी उचलली नाही. 'ढोरं नाई जात. माणसं जा,' एवढंच म्हणत होते.

"रास्ता सरकारी है!" सेठजी म्हणाले. "आप सर्टिफिकेट लिख दो, जानवर तंदुरुस्त हैं. बाकी मैं देख लूंगा."

"तंदुरुस्त नाहीत. काल टोचताना पाहिलं, दोघांना ताप आहे."

"तो बाकी का लिख दो."

संध्याकाळी दादासाहेबांनी बोलावून घेतलं. "तीन वर्षं झाली, बदली मागताय ना? वर्ध्याला? घरची माणसं तिकडे आहेत. मी नागपुरात शब्द टाकतो. एका कागदाने तुमचं काय जातं?"

खोटं कशाला बोलू, मी रात्रभर विचार केला. वर्ध्याला माझी मुलगी आजारी होती. पण एकदा त्या कागदावर सही केली, तर पुढे कुठल्याही बैलाचं तोंड उघडायचा मला हक्क राहणार नव्हता. सकाळी निरोप पाठवला, सर्टिफिकेट मिळणार नाही. सेठजींची ढोरं परत फिरली आणि गावातच राहिली.

बुधवारी दादासाहेबांचा गडी धावत आला. दादासाहेबांचे दोन पांढरेशुभ्र बैल चारा खात नव्हते. मी ओठ खाली ओढला. तेच फोड.

"हे बैल नाल्यापलीकडे गेले होते?" मी विचारलं.

दादासाहेब खांबाकडे बघत म्हणाले, "हे नाही. तिथली एक जोडी पाहिली होती. पसंत पडली. परवापर्यंत याच गोठ्यात होती."

अर्ध्या तासात बाजार बंद झाला. मीटिंग नाही, ठराव नाही, गोमाता नाही. दवंडी फिरली. नाल्याच्या दोन्ही काठांवर लाठ्या घेतलेली माणसं उभी राहिली. नाल्यापलीकडची हद्द त्या दिवसापुरती दादासाहेबांची झाली.

दोन्ही बैल गेले. बाजारपेठेच्या मागच्या आळीत तीन गोठे रिकामे झाले. त्यातला एक एका विधवेचा होता. तिचा एकच बैल होता आणि तिने तो नाल्यापलीकडे नेलाच नव्हता. टोल्यापलीकडे जंगलातल्या गावांत एकही जनावर दगावलं नाही. त्या वर्षी तिकडची धानाची रोवणी वेळेवर झाली.

दोन महिन्यांनी वरून कागद आला. साथीच्या काळात बाजार तत्परतेने बंद केल्याबद्दल सरकारने दादासाहेबांची प्रशंसा केली होती. सत्कार झाला. भाषण सेठजींनी केलं.

त्याच आठवड्यात सोमाला सरकारी रस्ता अडवल्याबद्दल तहसीलमध्ये हजर व्हायचं समन्स आलं. मी आपण होऊन गेलो.

"तीन आठवडे ढोरं येऊ देऊ नका, हे मीच सांगितलं होतं," मी तहसीलदारांना म्हणालो.

"लेखी?"

"तोंडी."

तहसीलदारांनी आम्हा दोघांना समज दिली. मला, अधिकार नसताना सांगितल्याबद्दल. सोमाला, ते ऐकल्याबद्दल. माझी समज सर्व्हिस बुकात चढली. वर्ध्याची बदली आणखी दोन वर्षं लांबली.

कचेरीबाहेर मी सोमाला म्हणालो, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"कायचा तरास जी? एक दिवस उभा रायलो. ढोरं मेले असते तं सालभर बसून रायलो असतो."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. साथीची खबर आली की मी आधी गावातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या गोठ्यात जाई. ढोरांना काही झालेलं नसलं तरी सगळ्यांना थर्मामीटर लावी. काही न बोलता, तोंड गंभीर करून बाहेर येई. बाजार बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी बंद होई. रिपोर्ट मी मागाहून सावकाश लिही.