बाबांच्या जीपची चॅसी

जीप मोडली तेव्हा आई आत बसलेली होती. मंडईतून भाजी घेऊन दोघं घरी, कात्रजला येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. त्यावरून बाबांनी नेहमीसारखी हळू गाडी घेतली, खालून कडकन आवाज आला आणि जीप डाव्या अंगाला खाली बसली. कुणाला लागलं नाही. पिशवीतले टोमॅटो तेवढे रस्त्यावर घरंगळले. आईने मला बँकेत फोन केला.

"तुझ्या बाबांची गाडी बसलीये," ती म्हणाली. "आणि तिच्याशेजारी फुटपाथवर बाबाही बसलेत. मला दोघंही उचलवत नाहीत. तू ये."

बाबा आरोग्य खात्यात ड्रायव्हर होते, आई त्याच खात्यात नर्स. ही जीप तेव्हा खात्याची होती. लसीच्या पेट्या, डॉक्टर, आई आणि स्टिअरिंगवर बाबा, असे ते गावोगाव फिरायचे. खात्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा बाबांनी ही विकत घेतली. मी शाळेत होते. जीप दारात आली त्या दिवशी बाबांनी ती दोनदा धुतली होती.

गल्लीतला मेकॅनिक गाडीखाली सरकला आणि मूठभर गंज घेऊन बाहेर आला. पापुद्रेच्या पापुद्रे होते ते, तपकिरी, वाळलेल्या पानांसारखे.

"काका, चॅसी गेली," तो म्हणाला. मला काही कळलं नाही असं दिसल्यावर त्याने हाताने दाखवलं. गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाणाऱ्या दोन लांब लोखंडी तुळया असतात. इंजिन, चाकं, बॉडी, सगळं त्यांच्यावर. डाव्या तुळईला जिथे स्प्रिंग अडकवलेली असते, तो भागच गंजून उखडून आला होता. "वरून गाडी चकाचक ठेवलीत तुम्ही. पण आता हिच्यात राम नाही. भंगारात द्या."

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल.

जीप ढकलून, विटा लावून सोसायटीच्या कोपऱ्यात उभी केली. पुढचे चार दिवस बाबा खाली उतरले नाहीत. पेपर घडीही न मोडता टीपॉयवर पडून राहायचा. आई दिवसातून दोनदा म्हणायची, "द्या आता भंगारात, जागा तरी मोकळी होईल." पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या बँकेच्या तिकडे, मांजरीला, कोणी नाही का गं? ट्रॉल्या बनवणारा वगैरे?"

माझी शाखा हडपसरपलीकडे मांजरी गावात आहे. आणि तिथे खरंच एकजण होते. उसाच्या ट्रॉल्या बनवणारे, साठीचे, मूळचे शेतकरी. त्यांच्या निम्म्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत. उरलेल्यात ऊस आणि उसाच्या कडेला पत्र्याची शेड. पासबुक भरायला यायचे तेव्हा काउंटरवर काळे ठसे उमटायचे, आणि ते रुमालाने पुसून जायचे. म्हणून ते माझ्या लक्षात होते. शाखेत सगळे त्यांना काका म्हणायचे.

जीप क्रेनच्या गाडीवर चढवून त्यांच्या शेडमध्ये नेली. बाबा माझ्याबरोबर आले. त्या काकांनी खाली वाकून पाहिलं, एका जागी पेचकस टेकवला, तो आरपार गेला.

"सायेब, जुन्यात दुसरी चॅसी मिळती. ती टाकू. ही लई खाल्लीया."

"साहेब नाही, मी ड्रायव्हर होतो," बाबा म्हणाले. "आणि दुसरी नको."

"का वो?"

बाबा उजव्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. तुळईवरची माती अंगठ्याने पुसून म्हणाले, "नंबर इथे आहे. कागदांवर जो आहे तो. हा तुकडा गेला तर ही गाडी राहत नाही. मग आरटीओला काय सांगायचं, आणि..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

काकांनी हातोडीने त्या भागावर टकटक केली. आवाज चांगला, भरीव आला. "नंबरचा तुकडा धड हाय. त्यो राखू. बाकी कापून नवं जोडू. पन येळ लागंल. आन् तुमी यायचं रोज. तुमची गाडी तुमालाच ठावं."

अशी त्या दीड-दोन महिन्यांची सुरुवात झाली. सकाळी मी बाबांना कात्रजहून घ्यायचे, शेडमध्ये सोडायचे आणि संध्याकाळी बँकेतून निघताना परत. हडपसरच्या गर्दीत तास-सव्वा तास आम्ही दोघं माझ्या छोट्या गाडीत शेजारी-शेजारी बसलेलो असायचो. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी त्यांच्याबरोबर एकटी कधी नव्हते. सुरुवातीला ते बोलायचे नाहीत. पण मी जरा जोरात गेले की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा.

"बाबा, मी पंचवीस वर्षं गाडी चालवतेय."

"दिसतंय ना," ते म्हणायचे. "पंचवीस वर्षं क्लचवर पाय ठेवून बसली आहेस."

शेडमध्ये बॉडीचे बोल्ट उघडले गेले. साखळीच्या कप्पीने बॉडी उचलून पिंपांवर ठेवली. इंजिन, डिझेलची टाकी, सगळं निघालं आणि चॅसी लाकडी ठोकळ्यांवर उघडी पडली. मला ती फार लहान वाटली. बाबांनी लहान हातोडी आणि खडू घेतला. तुळईवर इंच-इंच ठोकत, कान देत ते पुढे सरकायचे. जिथे आवाज बसका येई तिथे खडूने गोल. काका मागून येऊन तिथे पेचकस टेकवायचे. तो दरवेळी आत जायचा.

"कान हाय तुमाला," काका म्हणाले.

तुळईच्या पोकळीतून घट्ट बसलेली माती निघाली. पावसात ओली राहून तिनेच आतून लोखंड खाल्लं होतं. तांबडी, काळी, एका जागी पांढुरकी. बाबा ती चिमटीत धरून सांगायचे, ही त्या घाटापलीकडची, ही नदीकाठची. "मी एवढं धुवायचो," ते एकदा मला गाडीत म्हणाले. "आतून पाणी मारायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही."

एका शनिवारी मला अर्धी सुट्टी होती. मी शेडमध्ये पोचले तर आई तिथे आलेली. रिक्षा करून, डबा घेऊन, न सांगता. उघड्या चॅसीभोवती तिने एक चक्कर मारली. "एवढंच होतं होय हे," ती म्हणाली. मग उसाच्या बांधावर माझ्याशेजारी बसली. तिकडे बाबा आपल्या पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढून पीत होते. काकांच्या माठावर स्वच्छ पेला पालथा घातलेला होता. मी सहज म्हणाले, "बाबा कुठेही गेले तरी घरचंच पाणी का पितात गं? मला लहानपणी लाज वाटायची."

आईने मांडीवरचा डबा खाली ठेवला.

"मी नवी होते," मग ती म्हणाली. "एका गावात सबंध आळीतल्या पोरांना लस टोचली. उन्हाचा कहर. एका घरी पाणी मागितलं. बाईने पेला भरून आणला, आडनाव विचारलं, आणि पेला परत नेला. मग तांब्याने वरून ओतलं, ओंजळीत. मी प्यायले. तहान लागली होती. तुझे बाबा जीपमध्ये बसून बघत होते. तेव्हा आमची नीट ओळखही नव्हती. दुसऱ्या दिवशी बघते तर जीपच्या आरशाला पाण्याची छागल टांगलेली, कॅनव्हासची. आणि दोन नवे पेले. म्हणाले, 'सिस्टर, एक तुमचा, एक माझा. यापुढे कुठे मागायचं नाही.'"

"मग?"

"मग काय? त्यापुढे कधी मागितलं नाही. पुढच्या वर्षी लग्न केलं."

असं काही घडतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात ते लहानपणापासून बोललं जायचं, पुस्तकांतून, भाषणांतून. पण आईची ओंजळ मी कधी डोळ्यांसमोर आणली नव्हती. मी तिचा हात धरला. तिने तो थोडा वेळ धरू दिला आणि म्हणाली, "चल, पोळ्या गार होतायत."

त्या दिवशी चौघं एकत्र जेवलो. काकांनी आईच्या डब्यातली वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यांनी माठातून पेला भरला आणि बाबांच्या पुढे धरला. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका घाम पुसत होते, त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं. बाबांनी पेला घेतला, ओठांना लावला, सगळा प्यायला. आईने डबा पुसता पुसता पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिने मला फोनवर सांगितलं, "बाटली भरलेलीच परत येते हल्ली. तू काही बोलू नकोस."

गंजलेले भाग कापून झाले. पुठ्ठ्याचे नमुने बेतून नव्या जाड पट्ट्या कापल्या. जोडताना चॅसी वाकडी होऊ नये म्हणून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून दोन्ही तिरकी अंतरं सारखी येतात का हे पुनःपुन्हा मोजायचं असतं. एका तिरक्या अंतराचा आकडा काका मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याचा बाबा. वेल्डिंग झालं. बॉडी पुन्हा कप्पीने उतरवली, आणि मागच्या दोन बोल्टांची भोकं जुळेनात. अर्ध्या इंचाचा फरक.

मी तेव्हा बाबांना घ्यायला आले होते. काका चॅसीभोवती फिरत होते. "आसं हुईल कसं? दोनी बाजू सारक्या हुत्या." त्यांनी पुन्हा टेप लावला. सारख्या नव्हत्या.

बाबा पिंपाला टेकून उभे होते. "माझी चूक आहे," ते म्हणाले. "मला आकडा दिसत नव्हता. पहिला तुम्ही मोठ्याने बोललात, म्हणून दुसराही मी तोच सांगितला. तिन्ही वेळा."

मला घडी न मोडलेला पेपर आठवला. मंडईतून येताना त्यांनी गतिरोधकावर एवढी हळू घेतलेली गाडी आठवली. ते सगळं मी दुःख समजले होते, म्हातारपण समजले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "तुझ्या आईला सांगितलं असतं तर गाडी बंद केली असती तिने."

"मग? बरोबरच केलं असतं! ती शेजारी बसते तुमच्या!" माझा आवाज चढला. शेडमध्ये तो फारच मोठा वाटला. बाबांनी खिशातला खडू काढून पिंपावर ठेवला.

काकांनी कटरची नळी उचलली. "आवो, कापू की परत. लोखंडच हाय, दुखत न्हाई त्याला. तुमी आदी डोळं दाखवून या. तवर मी हात लावत न्हाई."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांनी दुसऱ्याची. थेंब घालायचं वेळापत्रक आईने फ्रिजवर चिकटवलं आणि रुग्णावर जशी करायची तशीच सक्ती केली. शस्त्रक्रिया होईपर्यंत ती रागावलेली होती. पट्टी निघाली त्या दिवशी बाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. केस पांढरे झाले तुझे."

"दहा वर्षं झाली. सवड मिळाली तुम्हाला."

पण ती आत गेली तेव्हा मी आरशात तिला केस सारखे करताना पाहिलं.

काकांनी खरंच हात लावला नव्हता. जीप तशीच उभी होती, वर ताडपत्री. बाबा काळा चष्मा लावून पोचले, टेपचं टोक धरलं आणि आकडा वाचला. काकांनी टोकं बदलून घेतली आणि स्वतःही वाचला. दोघांचा जमला. जोड कापून पुन्हा घातला. या वेळी बॉडी उतरली तेव्हा बोल्ट बोटाने फिरत आत गेले. तुळयांना तांबडा रंग, वर काळा. पोकळीत जुनं इंजिन ऑइल सोडलं, गंज लांब राहावा म्हणून. नंबरचा तुकडा बाबांनी स्वतः घासला, त्यावर रंगाऐवजी नुसतं ग्रीस लावलं, म्हणजे तपासताना अक्षरं वाचता येतील.

आरटीओत तपासणीच्या दिवशी साहेबाने वाकून नंबर पाहिला, कागद पाहिले, खालून चॅसी पाहिली. "काम कुणी केलंय?" त्याने विचारलं.

"आम्ही," बाबा म्हणाले.

जीप आता धावते. लांब जायचं असेल तर मी चालवते. तसं बाबांनीच ठरवलं, मी मागितलं नव्हतं. मी गिअर बदलते तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत राहतात, मोठ्या कष्टाने. जवळपासचं, दिवसाउजेडी, ते स्वतः नेतात.

आणि बुधवारी बुधवारी मांजरीला जातात. परवा आईने मला विचारलं, "गाडीला आता काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग काय करतात तिथे दिवसभर?"

मी दुपारी बँकेतून डोकावून आले होते. शेडमध्ये एक ट्रॉली उलटी टाकलेली होती. काका तिच्या एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, मध्ये ताणलेला टेप, आणि कुठला आकडा बरोबर यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.