रस्ता नसलेला पत्ता

मेलबर्नच्या लांबलेल्या लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. देशाबाहेर जायला सरकारकडे अर्ज करावा लागे. क्रेगीबर्नच्या आमच्या घरात नवरा बेडरूममध्ये मीटिंगला, लेक तिच्या खोलीत युनिव्हर्सिटीच्या लेक्चरला. म्हणून मी लाँड्रीत, म्हणजे घरातल्याच कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून काम करायची. लाँड्रीचं दार मागच्या अंगणात उघडतं. तिथेच उभी राहून मी शेजारच्या बाईंचा अर्ज भरला.

बाई ऐंशीच्या, मूळच्या चेक. तिकडे एका लहानशा खेड्यात त्यांचा भाऊ शेवटचे दिवस मोजत होता. बाईंना त्याला एकदा भेटायचं होतं. कॉम्प्युटर त्यांना जमत नसे. त्या कुंपणापलीकडून सांगत, मी टाइप करी.

"भावाचा पत्ता?"

"गावाचं नाव, आणि चौदा."

"रस्ता कुठला?"

"रस्ता नाही. चौदा."

रस्त्याचं नाव घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. बाई विसरल्या असतील असं ठरवून मी 'मेन रोड' टाकलं आणि अर्ज पाठवून दिला.

आठ दिवसांनी नकार आला. अर्जाला जोडलेल्या भावाच्या डॉक्टरांच्या पत्रातल्या पत्त्याशी पत्ता जुळत नव्हता.

कुंपणाशी जाऊन सांगितलं, "चूक माझी. रस्ता मी घातला. मेन रोड."

"वा! एवढा मोठा रस्ता आम्हाला अजून कुठल्याही सरकारने दिला नव्हता." त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी समजावलं. त्यांच्या गावात घरांना नंबर बांधल्याच्या क्रमाने मिळतो. पिठाची गिरणी पहिली, म्हणून ती एक. चौदाच्या शेजारी एकसष्ट, कारण तिथे कित्येक वर्षं सफरचंदाची बाग होती, घर फार नंतर झालं. नऊ नंबर जळालं, तो नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. चौदा त्यांच्या पणजोबांनी बांधलं.

नव्या अर्जात रस्त्याच्या रकान्यात मी 'रस्ता नाही' असं टाकलं आणि हे सगळं लिहून सोबत जोडलं. लेक पाण्याची बाटली भरता भरता वाचत होती. "आई, दे जस्ट वाँट अॅन अॅड्रेस!"

"पत्ताच आहे तो."

पाचव्या दिवशी परवानगी आली. भाऊ त्याच्या आदल्या दिवशी गेला होता.

"परवानगी भेटीची आहे," मी म्हटलं. "अंत्यविधीसाठी नवा अर्ज भरू?"

"नको. मला त्याला भेटायचं होतं. पुरायला गावात माणसं आहेत."

माझी मीटिंग सुरू झाली होती. मी आत जाऊन कॅमेरा चालू केला.