उद्यासाहेबांची सेवा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, नव्या नळजोडणीच्या खिडकीमागे साहेबांनी सगळी नोकरी काढली आणि दोनच शब्दांवर निभावून नेली: ‘उद्या या.’ कागद पूर्ण असले तर शिक्का सापडायचा नाही, शिक्का सापडला तर तो मारणारा जेवायला गेलेला असायचा, आणि दोन्ही जागेवर असले तर साहेबांचा मूड नसायचा. लोकांनी त्यांचं नाव ‘उद्यासाहेब’ ठेवलं. ते घरी बायकोपर्यंत पोचलं, पण साहेबांच्या कानावर काही आलं नाही. खिडकीबाहेरचं काहीच त्यांच्या कानावर येत नसे.

निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. परत पाठवायला समोर कोणी उरेना. बायकोचा गुडघा तेवढा होता, पण तो डॉक्टरांना दाखवायचं काम ते कित्येक वर्षं उद्यावर टाकत आले होते. त्यात नवीन मजा नव्हती. मग ते स्वयंपाकघरात शिरले. डब्यांची झाकणं उघडून वास घे, भांड्यांची मांडणी बदल, बायको हळू चालते म्हणून तिला चालण्याविषयी चार गोष्टी सांग, असं सुरू झालं. खरं सांगायचं तर माणूस आतून पार घाबरला होता. आपल्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, हे त्यांना सोसत नव्हतं.

शेवटी बायकोने त्यांना एका व्याख्यानाला पिटाळलं. वक्ता म्हणाला, जगण्याचा अर्थ दुसऱ्यांच्या सेवेत सापडतो. साहेबांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी आधी छातीवर लावायला ‘सेवक’ असा पितळी बिल्ला करून घेतला आणि मग सेवा शोधायला लागले. पलीकडच्या रस्त्यावरचा वृद्धाश्रम बायकोनेच सुचवला.

तिथे त्यांच्या ताब्यात एक चाकांची खुर्ची आली आणि खुर्चीत एक मास्तरीणबाई. पायातलं बळ गेलेल्या, गुडघ्यांवर शाल पांघरलेल्या. साहेब त्यांना रोज बागेत फेऱ्या मारून आणत आणि वाटेत सेवेचं महत्त्व समजावत. बाईंना पळून जायची सोय नव्हती, त्यामुळे व्याख्यान नीट पार पडे. पलीकडच्या बाकावरचे टकले आजोबा त्यांच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत आणि मृत्यूच्या बातमीलाही “वा!” म्हणत.

“बाई नुसत्या माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या असतात,” साहेब घरी येऊन सांगत.

“असणारच,” बायको गुडघ्याला तेल चोळत म्हणे. “अहो, तेवढं डॉक्टरांचं...”

“अगं, आता दमून आलोय. उद्या.”

एके दिवशी आश्रमाच्या पुढच्या फाटकाला रंग देत होते, म्हणून साहेब मागच्या दाराने आत शिरले. वाळत घातलेल्या चादरींपलीकडे एक बाई शिडीवर चढून पेरू काढत होत्या. पदर खोचलेला, खाली टोपली धरणाऱ्या आजोबांना तोंडाने दम देणं चालू. मास्तरीणबाईच त्या. साहेब चादरीआड जागच्या जागी थिजले.

“उतरा आता, सेवक यायची वेळ झाली,” आजोबा म्हणाले.

“आज तुम्ही बसा ना खुर्चीत. याच माणसाने मला नळासाठी वर्षभर फिरवलं, आणि आता रोज बागेतून फिरवतोय!”

“मी वर्तमानपत्र सोसतो की. पहाटेच वाचलेलं असतं, तरी वा वा करतो.”

“करायलाच हवं,” बाई शिडी उतरत म्हणाल्या. “त्याच्या बायकोला शब्द दिलाय आपण. एवढ्या पायऱ्या चढून आली बिचारी, कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. म्हणाली, त्यांना काहीतरी करू द्या हो, नाहीतर झुरून जातील. तिच्याकडे बघून हो म्हटलं. त्याच्यासाठी कोण बसतंय खुर्चीत?”

आणि बाईंनी टुणकन खुर्चीत बसून शाल ओढून घेतली.

साहेबांनी आल्या वाटेने काढता पाय घेतला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. राग बाईंवर काढून पाहिला, पण तो तिथे टिकेना. डोळ्यांपुढे सारख्या त्या पायऱ्या येत होत्या. रोज दोन दोन ओलांडून ते त्या चढत असत. रस्ता संपेपर्यंत त्यांना रडू आवरेना, आणि घर आलं तसं त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला.

दारात गाडी उभी होती. शेजारीण बायकोला हाताला धरून आत बसवत होती.

“अगं, कुठे निघालीस?”

“डॉक्टरांकडे. हिने नंबर लावलाय.”

“थांब, मी नेतो तुला. मी येतो.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग छातीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं. तिने पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि गाडीची काच खाली करून, अगदी शांतपणे म्हणाली, “आज जागा नाही. तुम्ही उद्या या.”

काच वर गेली. गाडी निघून गेली. खिडकीवरून परत पाठवलेली माणसं पुढे काय करतात, हे साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. ती लगेच जात नाहीत. थोडा वेळ तिथेच उभी राहतात.