मधल्या घरची

माझं पहिलं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आता जाऊबाईंचं आहे.

लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी बैठकीतच विषय काढला. त्यांच्या थोरल्या सुनेचं आणि माझं नाव एकच निघालं होतं. "एका घरात एकाच नावाच्या दोघी नकोत, हाक मारली की घोटाळा," असं ते म्हणाले. तसे ते वाईट माणूस नव्हते. नाव तर बदलतातच, असं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलं नाही. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं, मी ते वाचलं आणि पुढच्या विधीला बसले. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं नंतर बऱ्याच बायकांनी मला सांगितलं.

राग आला तो आईचा. माझं माहेर वसईतल्या सांडोरचं, केळी आणि भाजीपाल्याच्या वाडीतलं. आमच्या आळीत माझ्याच नावाच्या कितीतरी पोरी होत्या, पण तिथे कुणी कुणाचं नाव बदललं नव्हतं. एक विहिरीकडची, एक कोपऱ्यावरची, आणि मी मधल्या घरची. दिवेलागणीला आई पडवीत उभी राहून आधी 'मधल्या घरची' म्हणायची आणि मग नाव घ्यायची. केळींच्या मागून मी ओरडायचे, "आले गं." हीच आई लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले तर मला नव्या नावानं बोलवायला लागली. "तिकडं दिलं तेच खरं," म्हणाली. पुढे इतकी वर्षं गेली, पण ती एकदाही चुकली नाही. बाई गं, तू तरी चुकायचं होतंस.

सासर आचोळ्याला, इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तिथे माझ्या जुन्या नावानं दिवसातून दहा हाका व्हायच्या आणि सगळ्या जाऊबाईंसाठी असायच्या. सुरुवातीला माझी मान वळायची. सासूबाई हसायच्या, "तुला नाही गं." मग वळायची बंद झाली. ते नाव ऐकलं की माझ्याही डोळ्यांपुढे जाऊबाईच यायला लागल्या, त्यांचा उंच बांधा, पदर खोचून उभं राहणं. जाऊबाई चांगल्या आहेत, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच वाटायचं. आईलाही त्या आवडायच्या. वाडीतली केळी आली की एक फणी त्यांच्या नावानं वेगळी यायची.

मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलेली. दोन हजार सालानंतर वसईतच एका छोट्या कचेरीत लागले. औषध कंपन्यांची आकडेमोड आमच्याकडे यायची. साहेबांनी आर नावाची फुकट मिळणारी संगणकभाषा घेतली आणि आम्ही ती इंटरनेटवरून वाचून वाचून शिकलो. त्यात पॅकेजं असतात. कुणीतरी कुठेतरी बसून तयार केलेल्या फंक्शनांचा तो गठ्ठा, आपण तो उघडायचा आणि वापरायचा. बाकी त्या कामाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. आकडे आत टाकायचे, आकडे बाहेर काढायचे, डबा खायचा, घरी जायचं.

रक्तदाबाच्या एका औषधाचा अहवाल चालला होता, त्याच महिन्यात आई पडली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टर दादाला म्हणाले, आता जवळच्या माणसांना भेटू द्या. तिची अलीकडची वर्षं पुसली गेली होती. दादा तिला तिचा स्वतःचा भाऊ वाटायचा, वहिनी कुणी शेजारीण.

मी रविवारी गेले. खाटेशेजारी बसले आणि माझं नाव सांगितलं, तिनंच इतकी वर्षं जपलेलं नवं नाव. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"बसा," म्हणाली. "कुठून आलात?"

"आचोळ्याहून."

"लांबून आलात. चहा घेतल्याबिगर जाऊ नका."

मी चहा घेतला. आईनं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. चहा गोड होता, माझ्या ते लक्षात आहे. रिक्षात बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं.

मग दादाचा फोन आला. "आई सारखी तुझ्या जाऊबाईंना हाका मारतेय. नाव घेऊन घेऊन. त्यांना पाठव की."

मला जरा लागलं. पोटची पोरगी परकी आणि तिची जाऊ आठवते. पण केळीची फणी आठवली आणि म्हटलं, असेल. मीच जाऊबाईंना सांगितलं, त्या तशाच निघाल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "बोलावतात आणि मी समोर गेले की तोंड फिरवतात गं. माझं काही चुकलंय का?" मी म्हटलं, आजारी माणूस आहे ताई, मनावर घेऊ नका. तरी हाका थांबेनात म्हणून त्या पुन्हा गेल्या, आणि पुन्हा. नवऱ्याला कौतुक वाटलं, सासूबाईंना अभिमान वाटला. मी रक्तदाबाचा अहवाल करत राहिले. शनिवारी द्यायचा होता.

तो अहवाल काही जमेना. तीच माहिती, तेच फंक्शन, आणि सकाळी एक उत्तर तर दुपारी दुसरं. मी आकडे तपासले, गोळ्या घेणाऱ्यांची वयं तपासली. सगळं बरोबर. शेवटी प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ओळी वाचल्या. सहकारी बाईंनी त्याच प्रोग्राममध्ये दुपारी त्यांच्या आलेखासाठी एक नवीन पॅकेज उघडलं होतं, आमच्या जुन्यानंतर. दोन्ही पॅकेजांत एकाच नावाचं फंक्शन होतं. असं झालं की जे नंतर येतं ते आधीच्याला झाकतं. आपण नाव घेतो, ओ नंतरचं देतं. ते खोटं नसतं, त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर असतं, पण आपल्याला हवं असतं दुसरंच. संगणक तसं सांगतोही, लाल अक्षरात, झाकलं गेलं म्हणून. ती ओळ आम्ही कुणी वाचत नव्हतो, रोजच येते म्हणून.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "सोपं आहे. आपल्या जुन्याला आपण आपल्यापुरतं वेगळं नाव देऊन टाकू. भांडणच नको."

"नाव बदलायचं नाही," मी म्हटलं.

माझा आवाज चढला असावा, कारण सहकारी बाईंनी मान वर केली. साहेब म्हणाले, मग करा तुम्हाला हवं तसं. ते बिचारे सरळ गृहस्थ. त्यांना मी काय सांगणार होते?

दुसरा उपाय पुस्तकात होता. झाकलेलं फंक्शन गेलेलं नसतं. ते खाली तसंच असतं, फक्त त्याला घरासकट हाक मारावी लागते. आधी पॅकेजचं नाव, मग विसर्गासारखी टिंबं दोनदा, मग फंक्शनचं नाव. मी तसं लिहिलं. सकाळचं बरोबर उत्तर पडद्यावर आलं. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं.

आणि मी तशीच बसून राहिले. आधी घर, मग नाव. आई जाऊबाईंना हाका मारत नव्हती.

इतकं उघड होतं ते. अलीकडची वर्षं पुसली गेली म्हणजे माझं लग्नही पुसलं गेलं, तांदूळ पुसले गेले, जाऊबाई तर तिच्या जगात अजून आल्याच नव्हत्या. ती तिच्या पोरीला हाका मारत होती आणि आम्ही दर वेळी दुसरीच बाई नेऊन उभी करत होतो. दादाला कळलं नाही, जाऊबाईंना कळलं नाही. ज्या पोरीचं नाव होतं तिलाही कळलं नाही. साहेबांना म्हटलं, आई बरी नाही, निघते. अहवालाचं काय, असं त्यांनी विचारलं तोवर मी पर्स उचलली होती.

स्टेशनजवळ रिक्षा केली. रस्ताभर फक्त एकच भीती होती, उशीर झाला असेल तर.

सांडोरला पोचले तेव्हा जाऊबाई खाटेशी बसलेल्याच होत्या. दादानं सकाळी पुन्हा बोलावलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाडं उरली होती नुसती. मी उंबऱ्यात चपला काढत होते तेवढ्यात तिनं हाक मारली. माझं नाव.

"हं, इथंच आहे मी," जाऊबाई सवयीनं म्हणाल्या आणि वाकल्या.

"ताई, थांबा," मी म्हटलं. "मला हाक मारतेय ती."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, मला दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावर. त्या उठल्या आणि पडवीत जाऊन बसल्या.

मला ते नाव उच्चारता येईना. इतक्या वर्षांत स्वतःसाठी ते कधी तोंडातून काढलंच नव्हतं. मी खाटेजवळ गेले. "मधल्या घरची," मी म्हटलं, आणि मग नाव घेतलं. "आले गं, आई."

तिनं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"कुठं होतीस? कवापासून हाका मारते."

"वाडीत. केळींना पाणी लावत होते."

"झालं लावून?"

"झालं."

"मग मला पानी दे," आई म्हणाली.

मी दिलं. तिनं माझ्या मनगटाला धरून घोट घोट घेतलं, धरलेलं मनगट मात्र सोडलं नाही. मग तिला उघड्या दारातून पडवीतल्या जाऊबाई दिसल्या. "त्या बाई कोण गं? किती दिस येतात बिचाऱ्या. त्यांना चहा दे."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं त्या हसताहेत.

मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा नेहमीच्या जागी नव्हता, वहिनीनं जागा बदलली होती. मी तो शोधत होते तेव्हा आईनं परत हाक मारली, मी आहे ना एवढंच बघायला. या वेळी जाऊबाई बोलल्या नाहीत. मी ओ दिली.