ताडपत्रीआडचा वास

भूतखेत, करणी, सिक्स्थ सेन्स... ऑफिसात असले किस्से निघाले की मी कॉफीचा मग घेऊन उठतो. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, तोही बीएस्सी केमिस्ट्री. वडील यंत्रमागावर होते. डिग्रीचा माज आहे म्हणा हवं तर, मी नाकारणार नाही. तरीही हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. मी, बायको मेधा आणि आठ वर्षांची ईरा. गेल्या हॅलोविनला, म्हणजे इथल्या भुताखेतांच्या सणाला, ईराला घरासमोर स्मशान हवं होतं. थर्माकोलची थडगी, लोंबणारे सांगाडे काय, सगळ्यांकडेच असतात. मी म्हटलं, आपल्याकडे वासही असेल. इथे लोक 'ओल्या मातीचं' तयार सेंट आणून फॉग मशीनमध्ये घालतात. मला ते मिळमिळीत वाटलं. मी देव्हाऱ्यातलं पितळी धुपाटणं काढलं, कोळसे पेटवले, वर ऊद आणि राळ. वाऱ्याने वास उडून जाऊ नये म्हणून गॅरेजच्या भिंतीलगतचा कोपरा काळ्या ताडपत्रीने वरून-खालून बंद केला. गॅसचं मीटर त्याच कोपऱ्यात आहे, हे मला माहीत होतं. माहीत असून लक्षात आलं नाही.

दुपारी एकदा धूप करून पाहिला. मस्त मुरला वास. मग धुपाटणं बाहेर काढून ताडपत्री पुन्हा लावून टाकली.

चारच्या सुमाराला पोरं चॉकलेटं मागत दारोदार फिरायला लागली. ईरा सांगाड्याच्या ड्रेसमध्ये ताडपत्रीला टेकून थडग्यामागे लपली होती. मी लालबुंद कोळशांचं धुपाटणं घेऊन निघालो. तेवढ्यात मेधा चॉकलेटांचा बाऊल घेऊन पायरीवर आली आणि तिथेच थबकली.

"ते आत नको नेऊस. गॅसचा वास येतोय."

इथे एक सांगायला हवं. कोविडमध्ये मेधाला वास येणं बंद झालं, ते झालंच. दूध करपलं तरी तिला कळत नाही. डॉक्टरांनी आता आशा धरू नका म्हणून सांगितलंय. त्यामुळे मला हसूच आलं. थडग्यामागून ईरा म्हणाली, "आई, यू कान्ट ईव्हन स्मेल."

मी जोरात श्वास घेतला. ऊद... फक्त ऊद. पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर आलीयत, आता नाटकं नकोत, असं काहीतरी मी बोललो. मेधाने बाऊल खाली ठेवला, झाडांना पाणी घालायचा पाइप उचलला आणि सरळ माझ्या हातातल्या धुपाटण्यावर धरला. कोळसे चर्रकन विझले, मी कमरेपर्यंत भिजलो. समोरच्या घरातले लोक बघत होते. मी प्रचंड भडकलो होतो. ती मात्र ईराचं मनगट धरून तिला रस्त्यापलीकडे घेऊन गेली आणि तिथूनच गॅस कंपनीला फोन लावला.

गॅसवाला माणूस वीसेक मिनिटांत आला. त्याने ताडपत्रीची कड उचलली मात्र, हातातलं यंत्र किंचाळायला लागलं. मीटरमागचा जॉइंट गळत होता, आणि गॅस जाईल कुठे — मीच तर कोंडून ठेवला होता. त्याने ओल्या कोळशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वास कुणाला आला, असं विचारलं. मी मेधाकडे बोट केलं. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही.

मला वाटलं, चला, वास तरी परत आला. पुढचे कितीतरी दिवस मी तिच्या नाकाखाली कापूर, व्हिनेगर, चिरलेला कांदा धरत होतो. काही नाही. शेवटी तिने माझा हात बाजूला केला.

"बस कर रे. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, आलाय परत. तुझा धूप तर समोर होता, तोसुद्धा नाही आला. तेवढा एकच आला."

केमिस्ट म्हणून मी खूप डोकं लावलं. सूंसूं आवाज ऐकला असेल? आमच्या स्मशानातल्या स्पीकरवर लांडगे ओरडत होते. हवा थरथरताना दिसली असेल? पायरीवरून ताडपत्रीची मागची बाजू दिसतच नाही. ज्या नाकाला ऊद कळत नाही, त्याला उदाखालचा गॅस कसा कळला?

परवा ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये मेधा चालता चालता मध्येच थांबली. मी का म्हणून विचारलं नाही. ईराला जवळ ओढलं आणि मेधा पाऊल उचलेपर्यंत तिच्या मागे उभा राहिलो.